बारा-तेराचा पाना

मिठबाव
१२ ऑगस्ट २०२५

श्री. दीपेश यांस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. ती जागा मी कोरी सोडली आहे, बघून घ्या. तुम्ही आमच्या बोटीवर खलाशी म्हणून आलात तेव्हापासून, पुढे तन्वीशी लग्न करून याच घरात राहिलात तेव्हाही, मी तुम्हाला 'तू' म्हणत आले. आता नाही. परक्या माणसाला मी अहोजाहोच करते.

फोन करणार नाही. तुमचा आवाज ऐकला की माझं डोकं फिरेल, आणि फोन तन्वीने उचलला तर लेकीशी काय बोलायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. हे पत्र सर्वेशच्या टेम्पोतून येईल. मासळी उतरवून तो वेंगुर्ल्याला तुमच्या बोटदुरुस्तीच्या यार्डावरूनच परततो. उत्तर त्याच्याकडे द्या. त्याच्याशी गप्पा मारत बसू नका, त्याचा परतीचा बर्फ वितळतो.

आता कामाचं. नारळी पुनवेला नारळ सोडला आणि 'सातेरीप्रसाद' पाण्यात गेली. पहिल्या फेरीपासून मशीन खोकतंय. मागे पांढरा धूर, डिझेल दुप्पट, आणि तापमानाचा काटा तळाला झोपलेला तो उठायलाच तयार नाही. काल बोट हाकणाऱ्या लवू तांडेलाने तेलाची काठी बाहेर काढली तर तिला ताक लागलं होतं. मी स्वतः बघितलं. काळं तेल नाही, चक्क ताक.

वर्षभर आम्ही खूश होतो, हेही लिहून टाकते. गेल्या दसऱ्याआधी मशीन तापत होतं, तुम्ही घर सोडलंत आणि ते गार पडलं. लवू म्हणायचा, "बाय, मशीन थंड आसा ता बराच आसा. तापता ता मशीन मरता." आणि मी बंदरावर सांगत सुटले होते, की पीडा गेली तसं मशीनसुद्धा शांत झालं.

आता तेच बंदर सांगतंय की असलं तेल घेऊन मशीन हा मोसम काढणार नाही. दुसरं मशीन घेण्याची माझी ऐपत नाही. तुमचे सासरे गेल्यावर या बोटीवर मी घर धरून ठेवलं. ती बसली की मी बसले, लवू बसला आणि दोन खलाशांच्या चुली बसल्या. म्हणून विचारते आहे, हौस म्हणून नाही. गेल्या खंडेनवमीला तुम्ही ते मशीन उघडून बसला होतात. आत काय करून ठेवलंत ते लिहून कळवा. खरं लिहा, सवय नसली तरी.

आनंदी


मिठबाव
२४ ऑगस्ट २०२५

श्री. दीपेश यांस,

तुमचं अर्ध्या पानाचं उत्तर पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चालल्यासारखं. उत्तराला उशीर झाला, कारण तीन दिवसांवर चतुर्थी आली. घर सारवून झालं, गणपतीवरची माटवी बांधून झाली, देव्हाऱ्यातलं सगळं पितळ मी एकटीने चिंच लावून घासलं. समई, घंटा, ताम्हन, सुपारीच्या गणपतीची बैठक, सगळं. हाताखाली पोटची मुलगी असती तर दोन दिवस आधी लिहिलं असतं. ती कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही लिहिलंत की आधी काटा खरं बोलतो की खोटं ते बघा, कारण काटाच बिघडला असेल तर मशीनला दोष नको. ठीक. तुम्ही सांगितलंत तसं मशीन अर्धा तास पूर्ण जोरावर चालवलं. किनाऱ्याजवळ हळू चालवून मशीन तापत नाही, हे मला शिकवायची गरज नव्हती. मग मशीनवर तळहात ठेवायचा आणि किती वेळ ठेवता येतो ते बघायचं. लवू तयार होईना. मीच ठेवला. गणपतीची आख्खी आरती म्हटली तरी हात काढावासा वाटला नाही. बाजूच्या नळीतून जे पाणी समुद्रात पडतं ते बादलीत धरलं, त्यात हात घातला. समुद्राला जेवढी ऊब असते तेवढीच. बावीस वर्षं बर्फाच्या पेटीत हात घालून मासळी विकते आहे मी. थंड काय असतं ते मला काट्याने सांगायला नको. काटा खरा आहे. मशीनच थंड आहे.

पुढे तुम्ही मास्तरकी केली आहे, ती मी लवूला वाचून दाखवली. खारं पाणी आत फिरवून थंड होणारं मशीन साठ अंशांच्या आसपास चाललं पाहिजे. त्याच्या फार वर गेलं तर आतल्या वाटांत मीठ धरतं, आणि खाली राहिलं तर त्याला स्वतःचा घाम सुकवता येत नाही, तो तेलात उतरतो आणि तेलाचं ताक होतं. म्हणजे समुद्र आत शिरलेला नाही, हा मशीनचा घाम आहे. लवू म्हणाला, "पोरगो बरोबर सांगता." मी त्याला सांगितलं, की बरोबर सांगणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, टिकणारी कमी.

आणि तुम्ही लिहिता की पाणी अडवणारा जो थर्मोस्टॅट असतो तो उघडाच अडकला असणार, झाकण काढून बघा. चतुर्थी झाली की बघू. देवाच्या दिवसांत मी तुमच्या थर्मोस्टॅटच्या मागे धावणार नाही.

तन्वी चतुर्थीला आली नाही तर शेजारीण विचारील. तिला काय सांगायचं ते मी बघून घेईन.

आनंदी


मिठबाव
४ सप्टेंबर २०२५

दीपेश,

झाकण काढलं. आत काहीच नाही.

अडकलेला नाही, मोडलेला नाही. नाहीच. लवूने बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "बाय, हंयसर जागा रिकामी आसा." देवगडहून मेकॅनिक आणला होता, त्यानेही तेच सांगितलं. थर्मोस्टॅटच नाही, म्हणून समुद्राचं पाणी वर्षभर थेट आत शिरतंय आणि मशीनला तापूच देत नाही.

आता आठवतं का बघा. गेल्या साली मशीन तापायला लागलं तेव्हा बंदरातला जो तो सांगत होता, की ती वस्तू काढून फेकून द्या, आपल्या हवेत लागत नाही. तुम्ही एकटे भांडत होतात, की फेकू नका, ती मोलाची आहे. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता कळलं. मोल तुम्हालाच ठाऊक होतं, म्हणून जाताना खिशात घालून गेलात. माझी मुलगी नेलीत आणि माझ्या मशीनचा जीव नेलात.

तुम्ही लिहाल की हत्यारांबरोबर फडक्यावर ठेवला होता, टोपलीत बघा. बघितलं. खंडेनवमीला फडक्यावरची हत्यारं मीच उचलून पूजेच्या टोपलीत घातली होती, नाकारत नाही. मी पाने उचलले, पक्कड उचलली. तुमचं ते इंग्रजी यंत्र मी उचललेलं नाही. तरी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले, सुपारीच्या गणपतीवर हात ठेवला आणि लवूच्या देखत शपथ घेतली की ती वस्तू माझ्या घरात नाही. अशी शपथ मी आयुष्यात दोनदा घेतली आहे.

काल मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मी उभी राहून तुमचं नाव घेतलं. चोर हा शब्द वापरला. तुमच्या यार्डाच्या भिकाजी शेठनाही वेगळं पत्र धाडलं आहे, की ज्याच्या हातात तुम्ही लोकांची मशीनं देता तो काय आहे ते ऐकून ठेवा. पाठीमागे केलं असं म्हणायला नको, म्हणून तुम्हालाही कळवते.

आनंदी


मिठबाव
१९ सप्टेंबर २०२५

दीपेश यांस,

तुमचं उत्तर नाही. तन्वीची चिठ्ठी आली. वर्षभरात पहिली, आणि एका ओळीची. "आये, तू तेका चोर म्हटलंस." एवढंच. खाली नावसुद्धा नाही. जसं काही मला तिचं अक्षर ओळखता येणार नाही. मीच तिला पाटीवर गिरवायला लावलं होतं.

तिला सांगा, म्हटलं. आणि परत म्हणेन.

सर्वेश सांगत होता की शेठने तुम्हाला मशीनवरून काढलं. आता बोटींच्या तळाची शिंपली खरवडता आणि दसऱ्यानंतर तेही काम नाही. तो हे मला अशा आवाजात सांगत होता जसं मीच जाऊन तुमच्या हातात खरवडणी दिली. मी त्याला म्हटलं, तू तुझा टेम्पो बघ. त्या दिवशी मी एकच टोपली विकली आणि घरी आले. पाय दुखत होते.

एक गोष्ट कळवायची राहिली आहे. देवगडच्या मेकॅनिकने विचारलं, की वर्षापूर्वी झाकण लावलं कोणी? लवूने माझ्याकडे बघितलं. झाकण लवूने लावलं. लावायला मी सांगितलं. तुम्ही दोघं पहाटेच्या गाडीने गेलात, दसरा होता, बोटीला तोरण बांधून एक फेरी मारून आणायची असते. मशीन उघडं ठेवून तुम्ही गेलात म्हणून फेरी चुकवायची? लवू म्हणाला होता, "दीपेशाक इचारूया मगे?" मी म्हटलं, "तेका इचारूचा नाय. लाव झाकण." आत काय आहे, काय नाही, ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही. लवूला जाळं कळतं, मला बाजार कळतो.

पण म्हणून तुम्ही सुटत नाही. झाकण लावायच्या आधी वस्तू गेलेली होती. न्यायचीच होती तर तसं तोंडावर सांगून न्यायची होती.

आणि भांडण मी सुरू केलं असं जर तुम्ही तिकडे सांगत असाल, तर भांडण पान्यावरून झालं. सगळी हत्यारं पूजेला लागली होती. हळद-कुंकू वाहून झालं होतं. तुम्ही आलात आणि म्हणालात, "आये, माका बारा-तेराचो पानो दी, झाकणाचे दोनच नट लावूचे हत." मी म्हटलं, "पूजेतलो पानो उद्या मेळतलो." माझ्या सासऱ्यांपासून नवमीला पूजेतलं हत्यार कोणी उचललेलं नाही. तुम्ही म्हणालात, मशीन उघडं राहिलं तर आत गंज धरेल, देव काय एका पान्यासाठी रागावत नाही. देवाचं मला शिकवलंत. मग मी म्हटलं, "घरजावय आसस, घरजावयासारखो रव." चार माणसांत म्हटलं. मागे घेतलेलं नाही.

मशीन अजून तसंच आहे. तेल बदललं, आठ दिवसांत परत ताक. मेकॅनिक म्हणतो की या जुन्या मशीनचा थर्मोस्टॅट सहज मिळत नाही, मागवावा लागेल, किती दिवस लागतील सांगत नाही. बोट एक दिवसाआड जाते. लवू दुसऱ्या बोटीवर काम विचारून आला, मला न सांगता. मला कळलं.

आनंदी


मिठबाव
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

दीपेश,

आशीर्वाद.

काल दुपारी सर्वेशने एक पुरचुंडी आणून दिली. वरचा रुमाल तन्वीचा, कोपऱ्यात निळं फूल, तिनेच भरलेलं. मला वाटलं, माझं काही राहिलेलं परत पाठवलं असेल. आत पुठ्ठ्याचा डबा आणि तुझी चिठ्ठी. "असल्याच जुन्या मशीनसाठी आणून ठेवलेला, न वापरलेला थर्मोस्टॅट यार्डात मिळाला. बसवण्याआधी दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. उघडला तर चांगला." खाली एक शब्द रागाचा नाही. राग लिहिला असतास तर मला सोपं गेलं असतं.

मी डबा उघडला आणि ती वस्तू हातावर घेतली.

पितळेची गोल चकती, मध्ये उंचवटा, खाली स्प्रिंग. माझ्या हाताने ती लगेच ओळखली, डोळ्यांच्या आधी. चतुर्थीला मी ती चिंच लावून घासली होती. त्याच्या आधी गुढीपाडव्याला, त्याच्या आधी दिवाळीला.

उठले आणि देव्हाऱ्यासमोर गेले. वाटीत तांदूळ, तांदळात रोवलेली पितळी बैठक, तिच्यावर सुपारीचा गणपती. सुपारी बाजूला ठेवली आणि बैठक उपसली. खाली स्प्रिंग. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तांदळाचे दाणे अडकलेले.

आता सगळं सांगते, एकदाच सांगणार आहे. गेल्या खंडेनवमीला मी फडक्यावरचं सगळं गोळा केलं, पाने, पक्कड आणि हेसुद्धा. हत्यारं धुताना हे हातात आलं. मिठाने पांढरं झालं होतं, धुतल्यावर चकाकलं. गणपतीची जुनी बैठक तडकली होती. मला वाटलं, हा कसला तरी मोडका पितळी तुकडा, बरा मापात बसतोय. थर्मोस्टॅट म्हणजे माझ्या डोळ्यासमोर वायरी, काच, मीटर असलं काहीतरी होतं. मला माहीत नव्हतं, हे खरं. मी कोणाला विचारलं नाही, हेही खरं.

आणि तू विचारलं होतंस. हे मी इतके महिने स्वतःला आठवू दिलं नाही. दसऱ्याच्या पहाटे पिशवी खांद्याला लावून तू परत पडवीत आलास आणि म्हणालास, "आये, फडक्यार ठेवलेला ता खंय आसा? ता आत घातल्याशिवाय झाकण लावू नको." मी म्हटलं, "माका काय इचारतस? तुझा तू बघ." आणि आत गेले. जाऊन गणपतीला दिवा लावला. ज्याच्यावर हात ठेवून मी पुढे शपथ घेतली, तो तेव्हासुद्धा त्या वस्तूवरच बसला होता.

पातेलं चुलीवर ठेवलं. दोन दोरे घेतले आणि दोन्ही वस्तू एकाच पाण्यात सोडल्या, तुझी नवी आणि देवाखालची जुनी. जुनी आता कामातून गेली असेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर गेलेली असली तर बरं, असंही वाटत होतं, म्हणजे म्हणता आलं असतं की तशीही ती मोडकीच होती. पाणी कोमट झालं, काही नाही. वाफ यायला लागली आणि दोन्ही एकदमच उघडल्या. वर्षभर हळद-कुंकू खाऊन जुनी एका क्षणाचीसुद्धा मागे पडली नाही. मी चुलीपुढे बसून रडले. तन्वीला हे सांगू नको. सांग, नाहीतर.

आज सकाळी बंदरावर लिलावाला सगळे होते. बैठकीला जे होते ते, आणि नव्हते तेही. मी टोपली खाली ठेवली आणि ती वस्तू वर धरून सांगितलं, की ही माझ्या देव्हाऱ्यात होती, दीपेशने काही नेलेलं नाही, चोर म्हटलं ते मी खोटं बोलले. एक हसला. हसू दे. लवू एवढंच म्हणाला, "बाय, सुरमय उन्हात आसा," आणि माझी टोपली सावलीत नेऊन ठेवली. भिकाजी शेठना वेगळं पत्र याच टेम्पोतून आहे. त्यात मी माझं नाव, गाव सगळं लिहिलं आहे, आणि जे इथे लिहिलंय तेच तिथे लिहिलंय. ते तुला परत मशीनवर घेतील की नाही, ते माझ्या हातात नाही. काढणं हातात होतं, ते मी केलं.

माझा राग गेला असं समजू नको. मुलीला घेऊन एक वर्ष तोंड दाखवलं नाहीस त्याचा आहेच. देव रागावत नाही म्हणालास त्याचाही आहे. पण चार माणसांत जे घरजावयाचं बोलले, ते आज चार माणसांतच मागे घेतलं. लवू साक्षीला आहे.

मशीनचं झाकण काल परत काढलं आहे. दोन्ही वस्तू देव्हाऱ्यापुढे ताटात आहेत. कुठली मशीनमध्ये घालायची आणि कुठली गणपतीखाली ठेवायची ते तू ठरव. मला त्यातलं कळत नाही.

पत्रासोबत एक वस्तू पाठवते आहे. तन्वीच्या रुमालातच बांधली आहे. बारा-तेराचा पाना. त्याच्यावर हळद-कुंकू दिसेल, झेंडूची पाकळी चिकटली असेल. पूजेत लागला होता, आज नवमीलाच मी तो माझ्या हाताने उचलला.

उद्या दसरा. सगळ्यांच्या बोटी तोरण बांधून फेरीला जातील, 'सातेरीप्रसाद' बांधलेली राहील. लवू म्हणाला, दुसरीकडून पाना मागून आणतो. मी नको म्हटलं. त्या झाकणाला लागतो तो पाना तुझ्याकडे आहे.

आये